गुऱ्हाळघराची भेट आणि गुळाची पारख

दिवाळीचा पाडवा आला, की कोल्हापूरच्या बाजार समितीत नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा होतो आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व पंचगंगा या नद्यांच्या काठी गुऱ्हाळघरांची चुलवणे पेटू लागतात. पुढे उन्हाळ्यापर्यंत ही हंगामाची धामधूम चालते. या मुलखातील जुना रिवाज असा, की गुऱ्हाळावर आलेला माणूस, मग तो पाहुणा असो, वाटसरू असो की शाळेतून घरी परतणारे पोर असो, विन्मुख जात नाही. त्याला तांब्याभर रस, पानावर ताजा गूळ आणि भांडे बरोबर असल्यास थोडी काकवी मिळतेच.

अलीकडे या रिवाजाला नवे वळण लागले आहे. अंबाबाईच्या दर्शनास, जोतिबाच्या डोंगरावर आणि पन्हाळगडावर येणारी कुटुंबे वाटेत मुद्दाम थांबून गुऱ्हाळ पाहतात, गूळ चाखतात आणि घरी नेण्यासाठी विकत घेतात. शाळांच्या सहलीही येतात. ही भेट नीट घडवून आणल्यास गुऱ्हाळचालकाचा फायदा होतो व ग्राहकालाही चांगला गूळ ओळखता येऊ लागतो. ती कशी घडवावी आणि पाहुण्यास गुळाची पारख कशी शिकवावी, याची माहिती ग्रामसेवक, कृषी सहाय्यक व ऊस उत्पादक शेतकरी यांच्या उपयोगासाठी येथे दिली आहे.

इतर ठिकाणचा अनुभव

माल जेथे तयार होतो तेथेच ग्राहकास बोलावून चाखावयास देण्याची पद्धत जगात द्राक्षांच्या मद्याच्या धंद्यात विशेष रुजली आहे. जर्मनीत १९३५ साली द्राक्षमळ्यांच्या गावांतून जाणारा एक खास मार्ग आखण्यात आला. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात १९५३ साली तसाच मार्ग सुरू झाला. या मार्गांवरील लहान उत्पादक आपल्या तळघरात पाहुण्यांना नेतात, पिंपे दाखवितात व नमुना चाखावयास देतात. महाराष्ट्रात राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक परिसरात वायनरी वाढल्या आणि तेथेही चाखण्याची दालने उघडली. ग्राहक प्रथम तेथे येतो, चव घेतो, कोणत्या गावच्या कोणत्या द्राक्षाचा माल आहे हे समजून घेतो आणि मग तेच नाव दुकानात मागू लागतो.

गुऱ्हाळघराची गोष्ट याहून सोपी आहे. मद्याच्या विक्रीस व चाखविण्यास परवाने लागतात, वयाची अट असते. गूळ मात्र लहान मूल, वृद्ध माणूस, इतकेच नव्हे तर उपवास करणारी व्यक्तीही चाखू शकते. शिवाय गूळ तयार होण्याची सर्व क्रिया अडीच-तीन तासांत डोळ्यांसमोर पूर्ण होते. मळ्यातील उसापासून वाफ्यातील गुळापर्यंतचा सर्व प्रवास एका सकाळी पाहता येईल असे शेतमालाचे धंदे फार थोडे आहेत.

भेटीची गरज का भासते

कोल्हापूरच्या गुळाचे नाव आजचे नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही पेठ वसविली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. पुढे त्यांनीच आरंभिलेल्या राधानगरी धरणाच्या पाण्याने भोगावतीकाठचा ऊस वाढला. गुजरातेत या गुळाला मोठी मागणी राहिली. २०१४ साली कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही मिळाले.

असे असूनही गुऱ्हाळे कमी होत चालली आहेत. कुशल गुळव्या सहज मिळत नाही, मजुरी वाढली आहे आणि उसाला साखर कारखान्यांचा रास्त दर मिळत असल्याने अनेक शेतकरी सरळ कारखान्याचा मार्ग धरतात. याहून अधिक नुकसान झाले आहे ते ग्राहकाच्या एका गैरसमजुतीमुळे. गूळ जितका पिवळा व उजळ तितका चांगला, असे शहरातील ग्राहक मानू लागला. व्यापाऱ्याने तसाच माल मागितला आणि गुऱ्हाळावर रसात हायड्रॉस पावडर घालण्याची सवय वाढली. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. याने गुळाला तात्पुरता उजळ रंग येतो. परंतु गुळात गंधकाचा अंश मागे राहतो, आणि काही काळ साठविल्यावर रंगही पुन्हा काळवंडतो. त्याचप्रमाणे साखर स्वस्त व गूळ महाग असेल त्या वेळी रसात साखर मिसळण्याचा मोह काहींना होतो.

यात खरा शेतकरी दोन्ही बाजूंनी नाडला जातो. भेंडीच्या चिकाने रस निवळून प्रामाणिकपणे केलेला तांबूस गूळ सौद्यात मागे पडतो, आणि भेसळीचा बोभाटा झाला की सर्वांचेच नाव खराब होते. बाजारात दोन्ही प्रकारचे रवे शेजारी शेजारी असतात आणि ते कोणी व कसे केले हे गिऱ्हाईकाला समजत नाही. गुऱ्हाळघराच्या भेटीत हे अंतर नाहीसे होते. जी गोष्ट जिभेला ओळखता येत नाही ती तेथे डोळ्यांनी पाहता येते.

पाहुण्यास काय दाखवावे

भेट क्रमाने दाखवावी. आरंभ उसाच्या फडातून करावा. गुळासाठी ऊस पक्व असणे अगत्याचे आहे, हे पाहुण्यास सांगावे. सर्वसाधारणपणे १२ ते १४ महिन्यांचा, न लोळलेला व कीडमुक्त ऊस चांगला. रसातील विद्राव्य घटक मोजण्याचे हातातील दुर्बिणीसारखे यंत्र, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर, जवळ असल्यास पाहुण्याला त्यातून पाहू द्यावे. लहान मुलांना यात विशेष गोडी वाटते. कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने गुळासाठी शिफारस केलेली को ९२००५ ही जात किंवा आपल्या शेतातील जी असेल ती जात नावानिशी सांगावी.

ऊस तोडल्यावर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा एका दिवसाच्या आत, गाळला पाहिजे. उशीर झाल्यास उसातील साखरेचे रूपांतर होऊ लागते आणि अशा रसाचा गूळ मऊ पडतो. उसाचा कोवळा शेंडा व पाचट काढून टाकण्याचे कारणही हेच सांगावे, की त्यामुळे रस गढूळ होतो व गुळाची प्रत उतरते.

यानंतर घाण्याजवळ न्यावे. रस गाळून हौदात घेतला जातो व तेथून काहिलीत सोडला जातो. चुलवणात जाळण्यासाठी वाळलेली चिपाडेच वापरली जातात, म्हणजे उसाचाच जाळ उसाला लागतो, ही गोष्ट शहरातील माणसास नवी असते. चुलवणात रबर किंवा प्लास्टिक कदापि जाळू नये.

रस तापू लागला की मळी वर येते. या वेळी भेंडीची कुटलेली झाडे पाण्यात चोळून काढलेला चीक रसात घालतात. या चिकामुळे रसातील गाळ एकत्र येऊन वर तरंगतो व तो झाऱ्याने काढून टाकता येतो. रसाची आंबटी कमी करण्यासाठी चुन्याची निवळी बेताने वापरतात. पाहुण्याच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. भेंडीची झाडे त्याच्या हाती द्यावीत व चिकाचा बुळबुळीतपणा त्याला पाहू द्यावा. रसात काय घातले व काय घातले नाही हे याच ठिकाणी स्पष्ट सांगावे.

पुढे पाक घट्ट होत जातो. सुमारे १०५ ते १०६ अंश सेल्सिअस तापमानास काकवी तयार होते. गुळासाठी पाक ११८ ते १२० अंशांपर्यंत न्यावा लागतो. जुना गुळव्या उष्णतामापक वापरीत नाही. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी बोटांत दाबून पाहतो. ही गोळी पाहुण्याच्या हाती द्यावी. शेजारी उष्णतामापकही ठेवावा, म्हणजे अनुभवाचे बोल व यंत्राचा आकडा कसे जुळतात ते दिसते. यानंतर काहील उतरवून पाक वाफ्यात ओततात, तो हलवून निववितात व साच्यात भरतात. एका आदणास एकंदर अडीच ते तीन तास लागतात. यास्तव पाहुण्यांना वेळ कळविताना काहील उतरण्याची वेळ कळवावी. रिकामे चुलवण पाहून माघारी गेलेला पाहुणा पुन्हा येत नाही.

चाखण्याचा क्रम व पारख

चाखण्यास एक स्वच्छ, सावलीची जागा चुलवणापासून दूर राखावी. प्रथम ताजा रस, मग काकवी, त्यानंतर ताजा गूळ व शेवटी मुरलेला गूळ असा क्रम ठेवावा. प्रत्येक वेळी घोटभर पाणी द्यावे. सोबत शेंगदाणे किंवा खोबऱ्याचा तुकडा दिल्यास चव खुलते. नमुना लहान असावा. भरपूर गोड खाल्ल्यावर जिभेला फरक कळत नाही.

पारख शिकविताना पुढील गोष्टींकडे लक्ष वेधावे.

रंग : चांगल्या गुळाचा रंग सोनेरी ते तांबूस असतो. जमीन, जात व हंगाम यांप्रमाणे तो थोडाफार बदलतो. सर्व रव्यांचा रंग सारखाच, फिकट व झळझळीत पिवळा असेल तर चौकशी करावी. काळपट रंग म्हणजे शुद्धपणाची खूण, असाही समज करून घेऊ नये. पाक करपल्याने किंवा मळी नीट न काढल्यानेही गूळ काळा पडतो.

पोत : गूळ फोडला असता आत रवाळ कण दिसावेत. तो हाताला चिकट लागू नये. उसाला नत्रखत प्रमाणाबाहेर किंवा उशिरा दिल्यास गूळ मऊ होतो व टिकत नाही.

चव : गोडीबरोबर उसाचा सुवास यावा. खारट चव बहुधा खारवट जमिनीतील किंवा खारट पाण्यावरील उसामुळे येते. सोडा अधिक पडल्यानेही ती येऊ शकते. चुना जास्त झाल्यास चव बिघडते व रंग गडद होतो. करपट वास आल्यास पाक खाली लागला असे समजावे.

पाण्यातील परीक्षा : काचेच्या पेल्यात पाणी घेऊन गुळाचा खडा विरघळवावा. तळाशी माती, वाळू किंवा पांढरा गाळ बसल्यास गूळ स्वच्छ नाही. ही परीक्षा गृहिणींनी घरीही करण्याजोगी आहे.

साखर मिसळलेला गूळ केवळ चवीवरून ओळखता येईलच असे नाही. त्यास प्रयोगशाळेची तपासणी लागते. अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे गुळात सुक्या वजनावर एकूण शर्करा ९० टक्क्यांहून कमी व त्यातील सुक्रोज ६० टक्क्यांहून कमी असता कामा नये, तसेच घट्ट गुळातील ओलावा १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. गंधकाच्या अंशासही मर्यादा घातलेली आहे. चालकाने हंगामात एकदा तरी आपल्या गुळाची तपासणी करून घ्यावी व तो दाखला चाखण्याच्या जागी लावावा.

रंगाविषयीचा गैरसमज दूर करण्याचा एक सोपा उपाय आहे. या वर्षीचा व मागील वर्षीचा आपला गूळ काचेच्या दोन बरण्यांत तारीख लिहून शेजारी शेजारी ठेवावा. साठवणुकीत रंग कसा बदलतो हे पाहुणा स्वतःच पाहतो, आणि पिवळ्या रंगाचा आग्रह आपोआप कमी होतो.

अपघात टाळणे

उकळता पाक हा उकळत्या पाण्याहून अधिक भाजतो, कारण तो अधिक तापलेला असून त्वचेला चिकटून राहतो. काहिलीभोवती हात पोचणार नाही इतक्या अंतरावर दोरी किंवा बांबूचे कुंपण करावे. घाण्याच्या रुळांवर व पट्ट्यांवर झाकण असावे, व पाहुणे जवळ असताना तेथे एक जाणता माणूस उभा असावा. मुलांना मोकळे सोडू नये. पदर, ओढणी व मफलर घाण्याजवळ आवरून घेण्यास सांगावे. काहिलीतील किंवा वाफ्यातील पाक थेट चाखावयास देऊ नये. तो ताटलीत निववूनच द्यावा. कोणी भाजल्यास भाग लगेच वाहत्या थंड पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा, त्यावर चुना, तेल अगर दुसरे काही लावू नये व रुग्णास दवाखान्यात न्यावे.

स्वच्छतेबद्दलही तेवढीच काळजी घ्यावी. वाफ्याजवळ पायताण घालून कोणास जाऊ देऊ नये. साच्यांचे कापड रोज धुवावे. पिण्याचे स्वच्छ पाणी, हात धुण्याची जागा व स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसेल तर पाहुण्यांना निमंत्रण देण्याची घाई करू नये.

विक्री व हिशेब

बाजारात ३० किलोचा रवा चालतो, परंतु पाहुण्याला तो उपयोगाचा नाही. त्याच्यासाठी एक किलो व अर्धा किलोचे साचे आणि काकवीच्या स्वच्छ बाटल्या ठेवाव्यात. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख व किंमत असावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खालील नोंदणी अथवा परवाना घेणे आवश्यक आहे. कोल्हापुरी गुळाचे भौगोलिक मानांकन आपल्या मालावर वापरावयाचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. प्रमाणपत्र नसता 'सेंद्रिय' हा शब्द लिहू नये. मधुमेह असलेल्यांस गूळ चालतो, असेही कोणास सांगू नये, कारण ते खरे नाही व त्यापासून रुग्णाचे नुकसान होते.

पाहुण्यांकडून होणाऱ्या विक्रीचा अंदाज आधीच बांधावा. समजा, एका आदणातून २०० किलो गूळ निघाला आणि प्रत्येक पाहुण्याने सरासरी दोन किलो घेतला, तर एक आदण खपण्यास १०० पाहुणे लागतील. इतके पाहुणे रोज येणार नाहीत. म्हणून सर्व गूळ जागेवरच विकण्याची आशा धरू नये. सुट्टीच्या व यात्रेच्या दिवसांत एक आदण पाहुण्यांसाठी लहान साच्यांत भरावे व बाकीचा माल नेहमीप्रमाणे बाजार समितीत पाठवावा. पाहुण्यास विकलेल्या गुळात अडत, हमाली व वाहतूक वाचते. मात्र वेष्टन, माणसाची मजुरी व चाखण्यास दिलेला माल यांचा खर्च येतो. दोन्ही बाजू वहीत स्वतंत्र मांडल्या, तरच नफा खरा की भासमान हे कळते.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. आपला माल संपला म्हणून दुसरीकडून आणलेला गूळ आपला म्हणून विकू नये. पाहुणा पैसे देतो ते स्वतः पाहिलेल्या गुळाचे. तो विश्वास एकदा गेला, तर त्या एका गुऱ्हाळाबरोबर त्या वाटेवरील सर्व गुऱ्हाळांचे नुकसान होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

ग्रामसेवक व कृषी सहाय्यक यांनी पाडव्यापूर्वी आपल्या भागातील चालू गुऱ्हाळांची यादी करावी. ज्यांची जागा सुरक्षित व स्वच्छ आहे आणि जे रसायनांवाचून गूळ करण्यास तयार आहेत, अशा दोन-तीन चालकांपासून आरंभ करावा. गुळव्यांना संशोधन केंद्रात नेऊन सुधारित पद्धती दाखवाव्यात. गुळव्याची विद्या बहुतेक ठिकाणी एका माणसाच्या हाती असते. त्याच्याजवळ गावातील दोन तरुण शिकाऊ म्हणून हंगामभर राहतील अशी तजवीज करावी. पाहुण्यांसमोर आपली कला समजावून सांगण्याचा मान त्यालाच द्यावा.

काकवी, चिक्की व तिळगूळ यांच्या विक्रीचे काम महिला बचत गटांकडे सोपविता येते. गावच्या शाळेची एक सहल प्रथम न्यावी. त्यावरून व्यवस्थेतील उणिवा ध्यानी येतात. राहण्या-जेवण्याची सोय करून हे काम वाढविण्याची इच्छा असलेल्या शेतकऱ्यांनी राज्याच्या २०२० सालच्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याविषयी चौकशी करावी.

गुऱ्हाळावर रस व गूळ देण्याचा रिवाज मात्र मोडू नये. विकत घेणाऱ्यास जसा चाखावयास मिळतो, तसाच तो न घेणाऱ्यासही मिळावा. हंगामाच्या अखेरीस किती पाहुणे आले, किती माल खपला आणि त्यांपैकी कितीजणांनी पुन्हा गूळ मागविला, याची नोंद ठेवावी. पुढील पाडव्याला किती आदणे पाहुण्यांसाठी राखावीत, ते या नोंदीवरून ठरविता येईल.